एक गडी कमी

ईस्टरला बाबा गेले, आणि तेव्हापासून नरेल हॉकिंगला एवढे लांबचे रस्ते नकोसे झाले होते. मेलबर्नच्या ज्या क्लबासाठी त्यांनी उभी हयात फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, पोरं हेरली, त्याच क्लबासाठी आता ती हेरत होती. टारानूक गावच्या मैदानावर ती पोचली तेव्हा राखीव संघाचा सामना सुरू झाला होता, आणि गव्हाच्या कोठारांकडून बोचरा वारा येत होता.

ज्या पोराला पाहायचं होतं, तो खेळत नव्हताच. लॉकी ट्रेवीक, वय अठरा, सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. गेल्या वर्षी राज्यात त्याच्या तोडीचा पोरगा नव्हता. मग हंगामाच्या शेवटी गुडघ्यातला लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली. यंदा खेळायचं नाही, असं सर्जनने बजावलं होतं. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तेव्हा, क्लबाने आपली पहिली निवड या पोरावर लावायची का, ते नरेलने सांगायचं होतं.

ती आधी चहा घ्यायला कॅन्टीनमध्ये गेली.

"मर्व्हची पोरगी ना तू?" खिडकीतली बेव्ह म्हणाली. "नाकावरूनच ओळखलं. तुझा बाप इथे उभा राहून पथ्य सांगणाऱ्या डॉक्टरला शिव्या घालायचा, नि वर दोन सॉसेज रोल खायचा."

"दोनच?"

"तुला सांगायला दोन." बेव्हने कप पुढे केला. "आमच्या लॉकीसाठी आलीस होय? अगं, मागच्या शनिवारी यायचंस. एक गडी कमी होता, तर पोराने जर्सी चढवली, नि काय खेळला म्हणतेस..."

"बेव्ह," आतून तिचा नवरा म्हणाला.

बेव्ह थबकली. "मी काही बोलले नाही."

"नाहीच बोललीस. फक्त पंचक्रोशीला ऐकू गेलं."

नरेल कप घेऊन सीमारेषेकडे गेली. लॉकीने अदबीने हात मिळवला.

"मागच्या शनिवारी खेळलास," ती म्हणाली.

"बेव्हकाकूंनी सांगितलं ना?" तो बुटांकडे बघू लागला. "अठरापैकी सतराच जण होते आमचे. कोचने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी काय बाटल्या धरून उभा राहणार होतो?"

"दुखलं?"

"नाही. शप्पथ."

"दुखलं असतं तर सांगितलं असतंस?"

त्याने बराच वेळ विचार केला. "नाही," तो म्हणाला.

ईस्टरच्या आधी बाबांच्याही छातीत आठवडाभर दुखत होतं. बेंडिगोच्या सामन्याला जाणारा माणूस आजारी पडला, तर बाबाच निघाले. कुणीतरी जायला हवं ना, एवढंच फोनवर म्हणाले होते.

गाडीत बसून नरेलने मेलबर्नच्या आपल्या क्लबाच्या कोचला, ग्रँटला, फोन लावला.

"गुडघा चांगला आहे," ती म्हणाली. "परवानगी नसताना अख्खा सामना खेळलाय."

"आणि टिकला? मग घेऊन टाकू."

"ग्रँट, आपण गुणतक्त्यात तळाला आहोत. तुझे निम्मे गडी जायबंदी. पुढच्या मार्चमध्ये हंगाम सुरू झाला की तू त्याला विचारशील, खेळतोस का रे? तो हो म्हणेल. गुडघा कसाही असला तरी हो म्हणेल. तू विचारणार नाहीस का?"

"विचारीन," तो म्हणाला.

"म्हणून नको घेऊ."

"दुसरा कुणी उचलेल. मग लोक आपल्याला हसतील."

"हसू देत."

"मर्व्हने घेतला असता."

"हो, बाबांनी घेतला असता."

पोराला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून ती पुन्हा सीमारेषेवर गेली. आपला क्लब त्याला घेणार नाही, हे तिने सरळ सांगितलं.

"गुडघ्यामुळे?"

"नाही. आमच्याकडे तुला कुणी थांबवणार नाही म्हणून. ज्यांना घाई नाही, अशांकडे जा तू."

"मी कसा जाणार?" लॉकी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आम्ही कुठे निवडतो? निवडता तुम्ही लोक."

मैदानात कुणीतरी पाणी मागितलं, तसा तो बाटल्या घेऊन धावत गेला. धावू नकोस, असं तिला म्हणावंसं वाटलं, पण गुडघा खरोखरच चांगला होता.