शेऱ्याचा रकाना

मी एक जुना पर्जन्यमापक आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे डोके तापलेले आहे. म्हाताऱ्या वस्तूने आपली कहाणी शांतपणे सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. आज ते माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. अंग पत्र्याचे आणि तोंडाला पितळेची कड. ती कड कारागिराने तिसऱ्यांदा लेथवर चढवली, तेव्हा त्याचा सोबती वैतागला. "पुरे की आता. त्यात पावसाचं पाणीच तर पडायचंय." कारागीर म्हणाला, "तोंड केसभर जरी मोठं झालं, तरी हा जन्मभर थापा मारेल." मी जन्मभरात एकही थाप मारली नाही.

मला एका कोरड्या डोंगराच्या वरच्या उतारावर बसवले. तिथे पाऊस हात आखडून पडतो. जो पडतो तो भेगाळलेल्या खडकात मुरतो आणि खाली वस्तीजवळ झरा होऊन बाहेर येतो. त्या एका झऱ्यावर सगळी वस्ती जगते. माझ्यापर्यंत चढायला अर्धा दिवस लागतो, म्हणून वस्तीतल्या मोजणीवाल्या मावशी दर दहा दिवसांनी येत. माझ्या पोटातल्या बाटलीत त्या थोडे तेल घालून ठेवत. तेलाचा थर वर तरंगला की साचलेले पाणी उन्हाने उडून जात नाही. मग पाणी मोजनळीत ओतायचे, डोळा पातळीला आणायचा आणि वहीत लिहायचे. तारीख, मिलिमीटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात अठरा वर्षे त्यांनी न चुकता लिहिले, ‘मागील दहा दिवसांचा’.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्या नणंदेला सोबत घेऊन चढल्या, पण खाडा केला नाही. नणंद वाटेत धापा टाकत म्हणायची, "वहिनी, घरी बसून अंदाजानं लिहिलं तर आभाळ काय तक्रार करणार आहे?"

"आभाळ नाही करणार. झरा करेल," मावशी म्हणत आणि पुढे चालू लागत.

वह्या कार्यालयात जात. तिथले लोक मावशींच्या अक्षराचे कौतुक करत. अक्षराचे बरे का, मजकुराचे नाही.

मग त्या वरच्या उतारावर कोणीतरी खडीची खाण मागितली. झऱ्याला धक्का लागेल का हे ठरवण्यासाठी कार्यालयाने डोंगराच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. आभाळातून किती पडले, त्यातले किती वाहून गेले, किती वाफ होऊन उडाले आणि किती मुरले, एवढेच त्यात असते. ओढ्यावर मोजणी नव्हतीच, त्यामुळे वाहून गेलेले पाणीही गणितानेच ठरवायचे होते. काम गणितवाल्या ताईंकडे आले. त्यांच्या हाताखाली वह्या संगणकात चढल्या. संगणकाच्या तक्त्यात रकाने दोनच होते, तारीख आणि मिलिमीटर. शेरा वगळला गेला.

संगणकाला काय दिसले? नऊ दिवस खडखडीत कोरडे आणि दहाव्या दिवशी एकदम अठ्ठावीस मिलिमीटर. असा पाऊस कोसळला तर तो मुरणार कधी? तो उतारावरून धावत सुटणार. गणिताने तसेच सांगितले. शंभरातले जेमतेम चार भाग मुरतात, तेव्हा झऱ्याचे पाणी दुसरीकडून येत असावे. या ‘असावे’वर डोंगर फोडायची परवानगी निघाली.

मला सांगा, अठरा वर्षे बरोबर दर दहाव्या दिवशी पडणारा पाऊस तुम्ही कुठे पाहिला आहे? आभाळाला काय हजेरीपटावर सही करायची असते? सात जणांच्या टेबलांवरून तो तक्ता फिरला. एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही.

खाणीसाठी मला उपटून कार्यालयात आणले आणि प्रिंटरशेजारी ठेवले. लोक माझ्या तोंडात टाचण्या टाकू लागले. चार महिन्यांनी मावशी तिथे आल्या. झऱ्याखाली बादली भरायला पूर्वी पाऊण मिनिट लागे, आता चार मिनिटे लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजून आणले होते. ताईंनी तक्ता पुढे केला. मावशींनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवले.

"माझा शेरा कुठं गेला?"

"शेऱ्याला तक्त्यात जागा नव्हती, मावशी."

"अगं, यातल्या प्रत्येक तारखेला मी वर होते. एवढा पाऊस त्या दिवशी पडला असता तर चिंब भिजून उतरले असते ना? बहुतेक वेळा माझा पदरसुद्धा ओला झालेला नाही."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी काही लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या हवामान केंद्रात पाऊस रोज मोजत असत. त्या नोंदींच्या आधाराने त्यांनी माझा पाऊस दहा दहा दिवसांत वाटला आणि गणित पुन्हा चालवले. मुरलेले पाणी चारावरून एकतीसवर गेले. तो कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, "अहवाल मंजूर झालाय. पुढच्या वेळी सुधारून घेऊ."

मावशी खुर्चीवरून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या अकरा बायका येऊन बसल्या, तिसऱ्या दिवशी बसायला खुर्च्या उरल्या नाहीत. तेव्हा कुठे आदेश निघाला. खाण थांबवावी आणि पर्जन्यमापक मूळ जागी बसवावा. ताईंनी तो वाचून दाखवला.

"मूळ जागी म्हणजे कुठं?" मावशींनी विचारले. "तिथला डोंगर तीन पुरुष खोल खणून नेलाय. याला काय हवेत टांगणार?"

मी अजून प्रिंटरशेजारीच आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा अशी विनंती मी करणार नाही. तुमच्यासाठी कोणी डोंगर चढून मोजत असेल, तर त्या माणसाने लिहिलेले शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. तुमच्या तक्त्यात जागा नसेल तर तक्ता बदला. फोडलेला खडक पुन्हा जुळत नाही, आणि माझ्या खऱ्या मापानेच तो फोडला, याची चीड माझ्या मनातून जात नाही.