दहाच्या दहा चूक

गायधनींनी तो पेपर पुन्हा एकदा कपाटातून काढला, आधी उलटा करून पाहिला, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि शेवटी टेबलावर टाकून कपाळाला हात लावला. कारभारी विधातेला तर्कशास्त्रात शून्य मिळालं होतं. निकाल लागून तीन-चार दिवस झाले, पण त्या शून्यानं प्रोफेसरसाहेबांची झोप उडवली होती.

शून्य मिळवणारे महाभाग त्यांनी कमी पाहिले नव्हते. पण हे शून्य काही सरळ नव्हतं. पहिल्या प्रश्नात दहा अनुमानं दिली होती आणि प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच लिहायचं होतं. कारभारीनं बरोबर होती तिथे ‘चूक’ लिहिलं होतं आणि चूक होती तिथे ‘बरोबर’. दहाच्या दहा. पुढचे प्रश्न कोरे. आता बोला! अगदी ठार ढ पोरगा डोळे मिटून लिहीत सुटला तरी त्याची चार-पाच लागतातच. दहाही चुकवायची तर आधी दहाही यायला हवीत. आणि हाच पोरगा गेल्या टर्मला वर्गात तिसरा आला होता.

जिमखाना यंदाच गायधनींच्या गळ्यात पडला होता. विटीदांडूपलीकडे काही न खेळलेल्या माणसाकडे कुस्ती, क्रिकेट आणि हुतुतू का सोपवावं, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. पण अंगावर आलं ते काम चोख करायचं, हा त्यांचा खाक्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नियम केला, की टर्मच्या परीक्षेत जो नापास होईल तो संघाबाहेर. नियमानं पहिला पकडला तो नेमका कॉलेजचा सर्वांत तगडा मल्ल. रविवारी कॉलेजच्या मैदानात पुण्याच्या संघाशी शेवटची कुस्ती होती आणि ज्या ढालीला कॉलेजचा हात कधी लागला नव्हता, ती या एका कुस्तीवर अडली होती.

दार ढकलून प्रिन्सिपॉलसाहेब आत आले.

“गायधनी, जिमखाना तुम्हाला सांभाळायला दिला होता, कुलूप घालायला नव्हे.”

“नियमावर सही आपलीच आहे, साहेब.”

“सही करताना कारभारी नापास होईल असं स्वप्न पडलं नव्हतं मला.” साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी आवाज खाली आणला. “मार्क वाढवा असं मी म्हणत नाही. तुम्ही वाढवणार नाही, हेही ठाऊक आहे. पण फेरपरीक्षा तर घ्याल? पास झाला तर उतरेल. अहो, गावात ही नुसती कुस्ती राहिलेली नाही. ‘त्या शेखाला आपला कारभारी लोळवणार’ हेच चाललंय चौकाचौकात. ते मला आवडतंय असं नाही. पण आपला गडी उतरलाच नाही तर मी तोंड कुठे दाखवू?”

फेरपरीक्षा! हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं गायधनींना झालं. नियमही राहतो आणि पोरगाही खेळतो. त्यांनी खुशीतच कारभारीला बोलावणं धाडलं.

कारभारी आला आणि खोलीचं दार भरून गेलं. मखमलाबादच्या सावळीराम विधाते या फुलमळेवाल्याचा हा मुलगा. पहाटे बापाबरोबर फुलांच्या पाट्या बाजारात पोचवायच्या, मग तालीम, मग कॉलेज. अंगाला झेंडूचा वास कायमचा. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

“उद्या सकाळी तुझी पुन्हा परीक्षा घेतो. पास झालास की रविवारी कुस्ती. काय?”

पोराचा चेहरा आता फुलेल म्हणून गायधनी पाहत राहिले. उलट चेहरा साफ पडला.

“नको सर.”

“नको? का रे बाबा?”

“नियम हाय ना सर. नापास झालो, बाहेर बसतो. मी काय तक्रार केली का?”

“अरे, आख्खं कॉलेज तुझ्यापायी माझ्या नावानं शंख करतंय आणि तुलाच नको?”

“लय उपकार होतील सर. परीक्षा नका घेऊ.”

“घाबरलास की काय त्या पुणेकराला?”

कारभारीनं झटकन मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. “तसं म्हनू नका सर. दुसरं काय बी म्हना.”

गायधनी पुरते गोंधळले, आणि गोंधळले की त्यांना राग येई. त्यांनी तो पेपर त्याच्यापुढे धरला. “हे बघ, नापास होणाऱ्यावर मी चिडत नाही. पण उत्तर येत असताना मुद्दाम चुकीचं लिहायचं, हे माझ्या तोंडावर खोटं बोलणं झालं. उद्या दहा वाजता ये.”

कारभारीनं पेपरकडे नुसतं पाहिलं आणि गेला.

संध्याकाळी गायधनी कारभारीच्या तालमीत, जुन्या नाशकातल्या निसार वस्तादांकडे गेले. ते आयुष्यात पहिल्यांदाच तालमीची पायरी चढत होते. वस्ताद कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताक आणि तेल ओतून फावड्यानं ती खालीवर करत होते. गडी अजून यायचे होते.

“या या प्रोफेसरसाहेब! आज आमच्याकडे वाट चुकलात?”

“वस्ताद, तुमचा पठ्ठ्या काही मला कळत नाही.”

“कारभारी? त्यात न कळण्यासारखं काय? एकदम सीधा पोरगा.”

“मग हा सीधा पोरगा मुद्दाम नापास का झाला?”

वस्तादांचं फावडं मातीतच राहिलं. “मुद्दाम?”

गायधनींनी पेपरची हकीकत सांगितली. वस्ताद ऐकता ऐकता हौद्याच्या कडेवर बसले. त्यांनी हाताची माती चोळून काढली.

“साहेब, त्याची जोड कुणाशी आहे, माहीत आहे ना?”

“शेख म्हणून मुलगा आहे, पुण्याचा.”

“शौकत शेख. शिकायला पुण्यात आहे. माझा मुलगा तो.”

गायधनींना तोंडात मारल्यासारखं झालं. जोडीचा कागद त्यांनीच फळ्यावर लावला होता. जगात शेख काय थोडे आहेत?

“दोघं याच मातीत वाढले,” वस्ताद म्हणाले. “दोघांना लंगोट बांधायला मीच शिकवलं. एका वस्तादाचे गडी तालमीत दिवसभर झोंबतील, पण लोकांसमोर एकमेकांशी कधी जोड लावणार नाहीत. शौकत तिकडे नको म्हणाला, तर त्याला म्हणाले, तू नाशिकला फितूर. कारभारी नको म्हणाला तर लोक म्हणतील, घाबरला. आणि मल्ल घाबरला म्हटल्यावर उरलं काय? मी बोललो तर म्हणतील, पोराला वाचवायला बापानं पठ्ठ्याला बसवलं. मग गप्प बसलो.” त्यांनी मातीतलं फावडं उपसून बाजूला टेकवलं. “तो नापास झाल्याचं कळलं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, साहेब. अभ्यास सोडून काय दिवे लावतोस म्हणून. सगळं ऐकून घेतलं त्यानं.”

वस्तादांनी मातीच्याच मनगटानं डोळे पुसले.

“मी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगतो.”

“सांगा. ते म्हणतील, ही कॉलेजची कुस्ती आहे, तालमीचे रिवाज तालमीत ठेवा.”

साहेब अगदी हेच म्हणतील, यात गायधनींना शंका नव्हती. कालपर्यंत ते स्वतःही हेच म्हणाले असते.

रात्रभर त्यांनी मनाची समजूत घातली. कारभारी उद्याही दहाच्या दहा चुकवील, नियमाप्रमाणे बाहेर बसेल, मग आपल्याला काही करायलाच नको. सकाळी कारभारी आला, मान खाली घालून लिहीत राहिला, आणि पेपर टेबलावर ठेवून निघून गेला. गायधनींनी लाल पेन्सिल घेतली. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. दहाच्या दहा बरोबर, आणि पुढचे प्रश्नही स्वच्छ अक्षरात सोडवलेले.

‘माझ्या तोंडावर खोटं बोलणं झालं.’ कालचं स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात वाजलं. वेड्या पोरा! आता गावासमोर वस्तादाच्या मुलाशी लढशील, पण मास्तराशी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाहीस होय?

“आता मी काय करू?” ते मोठ्यानं म्हणाले. व्हरांड्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला.

“झाला ना पास?”

गायधनींनी पेपर पालथा घातला. “नाही.”

“नाही?”

“दहाच्या दहा चूक.”

साहेबांनी पेपरसाठी हात पुढे केला. गायधनींनी पालथा पेपर तळव्याखाली दाबून धरला. पण साहेबांनी हात मागे घेतला.

“राहू द्या. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी काय तपासणार?” दारातून ते वळले. “पण इतका कोरडा माणूस मी जन्मात पाहिला नाही, गायधनी.”

शरमेनं गायधनींचं अंग तापलं. आणि हलकंही वाटलं, ते का, हे काही केल्या कळेना. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर एक अनुमान लिहिलं, आणि त्याच्यापुढे ‘बरोबर’ लिहायचं की ‘चूक’, यावर ते इतका वेळ अडले की मागच्या बाकावरची पोरं खोकू लागली.

रविवारी कुस्ती झालीच नाही. ढाल पुण्याला गेली. सोमवारी गायधनींच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूनं गाढव काढलं होतं. ते रुमालानं पुसत असताना मागे कारभारी येऊन उभा राहिला.

“सर, मी घरी जाऊन पुन्हा ताडून पाहिलं. माझं समदं बरोबर होतं.” पोराच्या चेहऱ्यावर निव्वळ गोंधळ होता. “मग नापास कसा?”

गायधनींनी गाढवाचे कान पुसले. “काल काय केलंस दिवसभर?”

“शौकत अन् मी तालमीत होतो. वस्तादांनी दार लावून घेतलं, मग झोंबलो दोघं.”

“अस्सं! जिंकलं कोण?”

कारभारी हसला. “ते तालमीबाहेर सांगायचं नसतं सर.”

गायधनींनी खिशातून फेरपरीक्षेचा, घडी घातलेला पेपर काढला आणि त्याच्या हातात दिला.

“मग हेही बाहेर सांगायचं नाही,” ते म्हणाले, आणि गाढवाचं शेपूट पुसायला वळले.