नाव न घेता

मानसोपचार केंद्रातली ती समुपदेशक घरी कधी कामाचं बोलत नसे. पण त्या दुपारी धाकट्या बहिणीचा होणारा नवरा पहिल्यांदाच जेवायला आला होता आणि काही केल्या मोकळा होत नव्हता. मान खाली, हो-नाहीच्या पलीकडे शब्द नाही. आई डोळ्यांनी खुणावत होती, अगं, काहीतरी बोल. गप्पा रंगवण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतंच.

"आमच्याकडे एक जण येतो," ती म्हणाली. "नाव नाही सांगत. बस चालवतो. आजवर कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, पण रोज वाटतं की आज आपण कुणाला तरी उडवलं. ड्यूटी संपली की सायकल काढतो आणि सगळा रस्ता पुन्हा पालथा घालतो, कुणी पडलंय का बघायला! परवा कडेला एक पोतं दिसलं, तर जवळ जाऊन विचारतो, 'फार लागलं का हो?'"

आईला हसता हसता ठसका लागला. बहीण तर टेबलावरच कोसळली. पाहुणाही हसला, आणि मग एकदम थांबला.

"ताई, हा आमच्या डेपोतला! आम्हाला वाटायचं, व्यायाम करतो."

पाहुणा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो एवढं तिला माहीत होतं. कुठल्या गाड्यांच्या, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"छे हो, दुसराच कुणीतरी असेल," ती म्हणाली, पण चेहरा साथ देईना. "आणि हे बघा, कुठे बोलू नका हं."

"मी कशाला बोलतोय?" तो म्हणाला. आता तो चांगलाच मोकळा झाला होता.

पुढच्या भेटीला ड्रायव्हर वेळेच्या आधीच येऊन बसला. एरवी नीट इस्त्री केलेला शर्ट आज चुरगळलेला होता.

"मॅडम, मला गाडीवरून उतरवलं. स्टोअरमध्ये बसवलंय. मी दिसलो की पोरं ओरडतात, 'काका, बघा, चाकाखाली कुणीतरी राहिलं!' पोत्याचंसुद्धा कळलंय त्यांना." त्याने घसा खाकरला. "मी इथे येतो हे घरात फक्त भावाला माहीत. त्याचं तोंड फाटकं, म्हणून त्यालाच धरलं. आईच्या समोर नाही नाही ते बोललो. तो रडत शपथा घेत होता आणि मी त्याला घराबाहेर काढलं."

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर ती गप्पच राहिली. 'भावाशी बोलून बघा' असं एक गुळमुळीत वाक्य तिच्या जिभेवर तयारही झालं होतं. त्या वाक्याचीच तिला शिसारी आली.

"भावाने नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. घरी, जेवताना. नाव घेतलं नव्हतं, पण तुमच्या डेपोतला एक जण तिथे होता. चूक माझी आहे, सगळी माझी."

त्याने चुरगळलेल्या शर्टाची कड ओढून सरळ केली.

"पोत्याचं सांगितलंत, तेव्हा लोक हसले का?"

"हो."

"आणि तुम्ही?"

तिला मान वर करता येईना. "हसले," ती म्हणाली.

तो उठला. "भावाला आणायला जातो," एवढंच बोलला आणि दार हळूच लोटून गेला. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी तिने केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तिची कामं काढून घेतली, चौकशी लावली आणि ड्रायव्हरला दुसऱ्या समुपदेशकाकडे दिलं. त्याच्या संमतीने डेपो मॅनेजरशी बोलून, तपासण्या करून त्याला पुन्हा गाडीही मिळाली. भाऊ घरी परतला. बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याने 'मी एकालाच सांगितलं होतं' म्हणत माफी मागितली. त्याला काय बोलणार? तीच कोणत्या तोंडाने बोलणार?

एवढ्यावर निभावलं असतं. पण ड्रायव्हर केंद्रात फोन करू लागला. रोज सकाळी, गाडी काढायच्या आधी.

"काय विचारतात?" तिने एकदा धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"एकच. तुम्ही त्यांचं आणखी काही कुणाला सांगितलंय का. मी नाही म्हणते. ते आभार मानतात, ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन."

तिने खरंच आणखी काही सांगितलं नव्हतं. पण कितीही वेळा नाही म्हटलं तरी त्याची खात्री पटायची नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रस्त्यावर निदान त्याला सायकल घेऊन बघून तरी येता येत होतं.