चौथी तोफ

संभाजीराव मोहित्यांनी पायातली चप्पल काढली आणि उजवी टाच मैदानावर दाबली. टाचेभोवती पाणी वर आलं. तीन पावलं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा टाच दाबली, पुन्हा पाणी आलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. निमंत्रणपत्रिकेत सामना पाचचा लिहिला होता आणि संभाजीराव छापील वेळेवर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते.

हॉकीचं ते निळं कृत्रिम टर्फ पाण्याशिवाय खेळण्याच्या लायकीचं नसतं. ओलं असलं की चेंडू सरळ पळतो आणि घसरून पडलेला खेळाडू हसत उठतो. कोरडं असलं की तेच टर्फ किसणीसारखं कातडं काढतं. म्हणून सामन्याआधी पाणी मारायचं, मध्यंतरात पुन्हा मारायचं. एकतीस वर्षांच्या नोकरीतली सतरा वर्षं संभाजीरावांनी या एका कामात घालवली होती. पंपाच्या खोलीत बसायचं, साहेबांनी हात वर केला की तीन शिट्ट्या द्यायच्या आणि खटका ओढायचा.

मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मोठ्या फवारणीच्या तोट्या होत्या. कागदोपत्री त्यांना काही तरी इंग्रजी नाव होतं, पण मैदानावर सगळे त्यांना तोफाच म्हणत. मोहित्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते तोफखान्यात होते, त्यामुळे थट्टेला आयतंच निमित्त मिळालं होतं. संभाजीरावही पूर्वी हसून सांगत, आमच्या तोफेनं अजून कोणाचं काही बिघडवलं नाही. हे वाक्य मात्र ते गेली दहा वर्षं बोलत नव्हते.

आजचा मुलींचा सामना हेमेंद्र जगदाळेच्या नावाचा होता. तो जाऊन आज बरोबर एक वर्ष झालं होतं. स्टँडसमोर त्याचा मोठा फोटो लावला होता, गोलकीपरच्या पोशाखातला, हेल्मेट काखेत धरलेला. फोटोखाली आधी लिहिलं होतं लान्स नायक आणि मग लिहिलं होतं खेळाडू. संभाजीरावांना तो क्रम उलटा वाटला, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पाच वाजले, सव्वापाच झाले, प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. एप्रिलातली ग्वाल्हेरची हवा पाण्याचा थेंब टिकू देत नाही. साडेपाचला संभाजीरावांनी टाच दाबली तेव्हा टाच कोरडीच राहिली. मैदानाचे व्यवस्थापक विक्रमसिंह माणसांकडून मध्यरेषेपर्यंत लाल गालिचा अंथरून घेत होते. संभाजीरावांनी त्यांना जाऊन विचारलं, पुन्हा एकदा पाणी मारू का? टाकीत अर्ध्याहून कमी आहे, पण होईल.

"नहीं मोहिते जी, अब बिल्कुल नहीं," विक्रमसिंह म्हणाले. "साहब यहाँ तक चलकर आएँगे, बच्चियों से हाथ मिलाएँगे. जूते ख़राब होंगे, गालिचा ख़राब होगा. घंटे भर का दोस्ताना मैच है, चल जाएगा."

संभाजीराव "जी" म्हणून परत फिरले. हुकमाशिवाय खटक्याला हात लावायचा नाही हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. वडील पलटणीत, आजोबा संस्थानच्या फौजेत. घरात हुकूम हा शब्द देवाच्या खालोखाल होता.

पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून ते चौथ्या तोफेकडे बघत राहिले. ती पाइपलाइनच्या अगदी टोकाला होती, तिथवर जोर पोचत नसे आणि तिचं पाणी गोलच्या अलीकडेच पडे. तक्रारी लिहून लिहून हात दुखला, तोफ काही सुधारली नाही. त्यामुळे त्या बाजूच्या गोलसमोर हातानं पाइप ओढून पाणी मारावं लागे. आणि हे काम सात वर्षं हेमेंद्रनं केलं होतं.

तो पहाटे साडेपाचला यायचा, खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातून सायकल मारत. पंधरा वर्षांचा होता तेव्हापासून. संभाजीराव पाइप धरत आणि तो मागे उभा राहून पाइपचा वेढा वर उचलून धरी, कारण एक पीळ पडला की पाणी बंद. सामन्याच्या दिवशी तर पॅड बांधलेल्या पायांनी, बदकासारखा चालत यायचा. एकदा संभाजीराव त्याला म्हणाले की अरे, आज पहिल्या हाफमध्ये तो गोल समोरच्या टीमचा आहे, तू कशाला मरतोस? तेव्हा तो सोळा वर्षांचा मुलगा पाइप न सोडता म्हणाला, "काका, समोरच्याची चमडी पण चमडीच आहे ना."

हे वाक्य संभाजीरावांनी घरी बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि टेंपोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. पुढे तो लीगमध्ये गेला, लिलावात बोली लागली, दोन मोसम टीव्हीवर दिसला. सुट्टीत घरी आला की पुन्हा पहाटे हजर. मोठा झाला म्हणून त्यानं पाइप सोडला नाही. मग फौजेनं त्याला खेळाडू म्हणून घेतलं. तीन वर्षांनी गुडघा गेला, तेव्हा साहेब म्हणाले, मुलांना शिकव, आरामात राहा. यानं पलटणीत साधा जवान म्हणून जाण्याचा अर्ज केला. गोलकीपर हा सगळ्यात मागे उभा राहणारा माणूस, सगळे हरले की त्याची पाळी येते, असं तो म्हणायचा. त्याची पाळी पहाडात आली. रस्ता खचून गाडी नदीत गेली. त्यानं दोघांना काठावर आणलं आणि तिसऱ्यासाठी पुन्हा उतरला.

संभाजीराव अंत्ययात्रेत सगळ्यात मागे उभे होते. त्यानंतर ते जगदाळ्यांच्या घरी गेले नाहीत. बाड्यावर, शहरातल्या मुख्य चौकात, जायचा त्यांचा जवळचा रस्ता त्या गल्लीतूनच होता, तोही त्यांनी सोडला. वर्षभर ते लांबच्या रस्त्यानं जात होते. कारण दहा वर्षांपूर्वीचं होतं.

राज्य संघाच्या निवडीचा दिवस होता, जूनचा. दुसऱ्या दिवशी मोठा सामना म्हणून त्या वेळच्या साहेबांनी टाकी राखून ठेवायला सांगितली होती. हेमेंद्र पंपाच्या खोलीत आला आणि म्हणाला, काका, फक्त आमच्या कोपऱ्यात, पाच मिनिटं. संभाजीराव म्हणाले, हुकूम नाही. मुलगा "बरं" म्हणाला आणि गेला. वीस मिनिटांनी एक फटका अडवायला तो उजव्या कुशीवर घसरला आणि पॅडच्या वरचं मांडीचं कातडं वीतभर सोलून निघालं. तशाच पायानं तो शेवटपर्यंत उभा राहिला. त्याची निवड झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टी बांधलेल्या पायानं तो नेहमीसारखा पाइप उचलायला आला आणि झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर संभाजीरावांना सोपं गेलं असतं.

सहाला पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. भाषणांत हेमेंद्र सिंह होता, वाघ होता, मातीचा सुपुत्र होता. तो पाइप उचलायचा हे कोणाला माहीत नव्हतं. मुली वॉर्मअपला उतरल्या. पुढच्या रांगेत हेमेंद्रची आई विजयाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मैदान पाहिलं, मग लांब पंपाच्या खोलीकडे पाहिलं आणि हातानं संभाजीरावांना बोलावलं. आता जायला दुसरा रस्ता नव्हता.

ते जाऊन खाली मान घालून उभे राहिले.

"भाऊसाहेब, आज पाणी नाही टाकलं?" विजयाबाईंनी विचारलं.

"टाकलं होतं ताई. पाचला. सुकलं."

"तेच म्हणते. चेंडू कोरडा वाजून राहिला आहे."

बारा वर्षं त्या बाई मुलाचे सामने बघत होत्या, त्यांच्या कानाला ते कळणारच. आणि दहा वर्षं घशात अडकलेलं संभाजीरावांच्या तोंडून निघून गेलं. "ताई, हेमेंद्रच्या मांडीला लागलं होतं ना, त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही."

"माहीत आहे मला," विजयाबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यानं. म्हणाला, काकांना ऑर्डर नव्हती, त्यांना कोणी काही बोलायचं नाही."

विजयाबाईंनी पदर सारखा केला.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार होते, पण तुम्ही गल्लीच सोडून दिली. तो अकरा दिवस पाण्यात होता, भाऊसाहेब. चेहरा राहिला नव्हता. गळ्यातला बिल्ला नदीनं नेला. तिकडून फोन आला, अंगावर काही खूण आहे का म्हणून. मी सांगितलं, उजव्या मांडीवर वीतभर डाग आहे, मैदानावर लागलेला. तेवढ्यावरून माझा मुलगा मला मिळाला."

त्या रडल्या नाहीत. उपकार मानावेत तशा सुरात त्यांनी ते सांगितलं आणि म्हणूनच संभाजीरावांना ते सोसवेना. त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले. चौथ्या तोफेच्या बाजूला गोलसमोर गरिमा उभी होती, आजच्या सामन्यातली सतरा वर्षांची गोलकीपर. ती खाली वाकली, मैदानावर तळवा घासून पाहिला आणि पॅडच्या वरची उघडी मांडी एकदा चोळली. तिनं पाणी मागितलं नाही. हल्लीच्या मुलीही मागत नाहीत, हे संभाजीरावांना माहीत होतं.

ते विक्रमसिंहांकडे गेले आणि म्हणाले, साहेब, पाच मिनिटं द्या. विक्रमसिंहांनी पाहुण्यांकडे बघत, हसरा चेहरा न मोडता दबक्या आवाजात नाही म्हटलं.

संभाजीराव पंपाच्या खोलीत आले. घरातली फौजेची तीन पिढ्यांची शिस्त त्यांच्या हातावर बसली होती आणि हात उचलायला वेळ लागला. पण ज्यानं हुकमाची बाजू घेऊन त्यांना वाचवलं, तो स्वतः तिसऱ्यांदा नदीत उतरला तेव्हा त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. त्यांनी शिट्टी काढली आणि नियमाप्रमाणे तीनदा वाजवली. मग खटका ओढला.

चारही तोफा एकदम उडाल्या. गालिच्यावरची माणसं पळाली. पाहुणे चपळ निघाले, सगळ्यांच्या आधी स्टँडमध्ये पोचले आणि तिथून बघत हसले, तेव्हा बाकीच्यांनाही हसावं लागलं. विक्रमसिंह भिजलेल्या बुटांनी पंपाच्या खोलीच्या दारात आले. त्यांचा चेहरा हसत नव्हता.

"किसके ऑर्डर से चलाया?"

"माझ्या," संभाजीराव म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी हा शब्द या नोकरीत पहिल्यांदा वापरला.

"कल सुबह लिखकर दीजिएगा."

"देतो साहेब."

तीन मिनिटांनी त्यांनी तोफा बंद केल्या, टाकीत थोडं उरायला हवं होतं. मग खांद्यावर पाइप घेऊन ते चौथ्या तोफेच्या गोलकडे निघाले. सगळ्यांच्या देखत, गर्दीतून, वाकून. पाणी सुरू झालं, दोन हात गेलं आणि बंद पडलं. मागे पीळ पडला होता. संभाजीराव वळले.

विजयाबाईंनी खुर्चीखाली चपला काढून ठेवल्या होत्या. पातळाचा काठ वर खोचून त्या ओल्या मैदानावरून सावकाश आल्या, वाकल्या आणि त्यांनी पाइपचा वेढा दोन्ही हातांनी वर उचलला. कुठे धरायचं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. पीळ सुटला आणि पाणी गोलपर्यंत पोचलं. स्टँडमधला आवाज कमी कमी होत थांबला. भाषणांनंतर दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं होतं, ती घाईत राहून गेली होती.

गालिचा गुंडाळला आणि सामना सुरू झाला. सातव्या मिनिटाला डावीकडून जोराचा फटका आला आणि गरिमा उजव्या कुशीवर लांब घसरली. पाण्याचा मोठा फवारा उडाला, चेंडू पॅडला लागून बाहेर गेला. संभाजीरावांनी डोळे मिटून घेतले होते.

"लागलं का गं?" विजयाबाईंनी रेषेबाहेरून विचारलं. त्या अजून पाइपजवळच उभ्या होत्या.

"नाही काकू," गरिमा उठत म्हणाली. तिनं मांडीवरचं पाणी तळव्यानं निपटून टाकलं. "गीला है."

संभाजीरावांनी डोळे उघडले. पोरीची मांडी पाण्यानं चकाकत होती, तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. एका माणसानं येऊन त्यांना पाइप गुंडाळून ठेवायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पाइप तसाच राहू दिला. मध्यंतरानंतर त्या गोलात समोरच्या टीमची मुलगी उभी राहणार होती. तिच्यापुरतं पाणी टाकीत होतं.