सतरंजीचा चौथा तुकडा

मी सतरंजी बोलतेय. खरं म्हणजे सतरंजीचा चौथा तुकडा. उरलेले तीन कुठे आहेत ते मला माहीत आहे, आणि माझ्या संतापाचं कारणही तेच आहे.

ग्वाल्हेर दरबाराच्या फर्राशखान्यासाठी, म्हणजे तंबू, कनाती, बैठकींच्या कोठारासाठी मला विणलं. निळे-तांबडे पट्टे आणि एवढी लांबी, की गुंडाळायला चार माणसं लागत. दरबार रोज भरत नसे. एरवी जो मागेल त्याच्याकडे मी जाई. देवळात कीर्तनाला, मशिदीत पैगंबरजयंतीच्या मिलादला, गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला. कुठे बुक्का सांडे, कुठे अत्तर, कुठे डाळ. मला झटकणारा प्रत्येक जण आधीच्यांना नावं ठेवी, "काय घाण करून ठेवलीय!" आणि मग माझ्यावरच बसे.

वनमालाबाईही मला नेत. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, मराठी ख्रिस्ती. मुरारच्या छावणीतलं चर्च लांब आणि प्रार्थना इंग्रजीत, म्हणून त्यांची माणसं दर रविवारी शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली जमत. मला त्यांचं नवल वाटे. कीर्तन संपून माणसं घरी गेली तरी देव देवळात असे. मशीद रिकामी असली तरी मशीदच असे. यांची माणसं उठली की मागे फक्त मी उरे. तरी बाई म्हणत, "हेच आमचं चर्च." मला ते पटे. माणसं एकत्र बसली की काय होतं, हे माझ्याइतकं जवळून कुणाला कळणार?

मग संस्थान विलीन झालं. मध्य भारत नावाचं राज्य आलं, छप्पन साली तेही गेलं, राजधानी भोपाळला हलली. कोठारात रमाकांत नावाचे तरुण अधिकारी आले. प्रामाणिक होते, हाच घोटाळा.

"सरकारी वस्तूवर कुठल्याच धर्माचा जास्त हक्क नको," ते म्हणाले. "चार समान तुकडे करा."

"पण साहेब, वाटणी मागितली कुणी?" कोठार सांभाळणाऱ्या मल्हाररावांनी विचारलं.

"मागेपर्यंत थांबायचं? अहो, आता लोकशाही आहे."

"मग फूलबागेतलं सरकारी कारंजंही वाटा की. एकेकाला एकेक धार!"

साहेब हसले नाहीत. कात्री आली.

तीन तुकडे तीन ठिकाणी पोचले. चौथा, म्हणजे मी, ख्रिस्ती लोकांसाठी ठेवला. त्याच आठवड्यात वनमालाबाई आल्या.

"शनिवारी आमच्यातल्या एका मुलीचं, लीलाचं, लग्न आहे. पूर्ण सतरंजी हवी. आमची सगळी मंडळी येणार."

"तुमच्या वाट्याचा तुकडा आहे ना," रमाकांत उत्साहाने म्हणाले. "चर्चचा पत्ता सांगा, पोचवतो."

"पत्ता कसला? आम्हीच चर्च."

"बाई, ती माणसं झाली. मी जागा विचारतोय."

"माणसांशिवाय जागेला काय करायचंय, साहेब?"

"इमारत नसेल तर संस्था म्हणून देता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे."

बाई तुकडा उसना मागायला देवळात गेल्या. पंच म्हणाले, "दिली असती हो, पण आता ती देवाची झाली." मशिदीत ऐकलं, "बहनजी, अब तो यह मस्जिद का माल है." गुरुद्वाऱ्यातला तुकडा लंगरखान्यात कायमचा ठोकला होता. काल जे वापरणारे होते, ते आज मालक झाले होते. कुणी वाईट नव्हतं. एखादा वाईट असता तर निदान भांडता आलं असतं!

शनिवारी शाळेचं अंगण पावसाच्या चिखलाने भरलेलं. लीलाच्या लग्नाला सगळे उभे राहिले. म्हातारे कडुनिंबाला टेकले, बायकांनी मुलं कडेवर घेतली. कोठाराच्या खिडकीतून त्यांचं गाणं ऐकू येत होतं. मी इथे गुंडाळलेली, कोरडी, निरुपयोगी.

मल्हारराव दार लावता लावता म्हणाले, "साहेब, गाण्याचा पत्ता लिहून घ्या." रमाकांत खिडकीशी उभे होते.

कात्री लागली त्या कडेने माझे धागे आता उसवत चाललेत. तुम्ही वाचणारे शिकलेले आहात, सभांमध्ये एकतेवर भाषणं ऐकता. माझ्यासाठी भाषण नको. दाभण आणि जाड दोरा घेऊन या, त्या तीन तुकड्यांनाही बोलवा. आधी शिवा. कोण कुठे बसणार, ते माझ्यावर बसून ठरवा.