बाजूला ठेवलेले लेख

"मॅडम, जरा घाई आहे. उद्या सकाळी मीटिंग आहे आणि मोठे डॉक्टर म्हणतात, नुसतं मत घेऊन येऊ नका, वाचून या."

फोनवर मुलांच्या अतिदक्षता विभागातले छोटे डॉक्टर होते. तिने रिसीव्हर मानेत अडकवला आणि सवयीने शोधाची खिडकी उघडली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिचं काम तेच. डॉक्टरांनी अडचण सांगायची आणि तिने डेटाबेसमधून त्यावरचे लेख काढून द्यायचे.

"विषय सांगा."

"नीतिशास्त्र. बाळ आहे, चार महिन्यांचं. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन पोचला नाही. तेव्हापासून व्हेंटिलेटरवरच आहे. सुधारणा नाही, होईल असंही वाटत नाही. अशा वेळी उपचार थांबवावेत का, ते कुणी ठरवायचं, यावर दोन्ही बाजूंचं जे काही असेल ते द्या."

तिची बोटं होती तिथेच राहिली. चार महिन्यांचं बाळ त्या विभागात एकच होतं.

"हॅलो? मॅडम, आहात ना?"

"आहे. बोला."

"आणखी एक. वडील समजून आहेत, पण आई काही केल्या ऐकूनच घेत नाही. तिला कसं सांगावं, यावर कुणी लिहिलं असेल तर तेही बघा. मला नाही हो जमत ते."

"मेल करते," असं म्हणून तिने फोन ठेवला. आवाज इतका सरळ कसा निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं.

छोट्या डॉक्टरांना कळायला काही मार्गच नव्हता. वॉर्डात ती टोपी, मास्क आणि हिरव्या गाऊनमधून नुसती डोळ्यांपुरती उरायची. दूध काढून द्यायला जायची तेव्हा तिथे ती 'ताई' असायची, आणि दोन मजले खाली 'मॅडम'. रजा अजून बाकी होती. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा त्याच इमारतीत असलेलं बरं, म्हणून ती कामावर आली होती. केसपेपरवर आईच्या नावापुढे नुसतं 'नोकरी' लिहिलेलं होतं.

"आज कुणाचं घोडं अडलं?" समोरच्या टेबलावरून ग्रंथपाल मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"मुलांचा विभाग."

"मग आधी चहा घे बाई. तिथले विषय उपाशीपोटी काढू नयेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब काय म्हणतात तुमचे?"

बाळाला साहेब हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलेलं. राहायला एसी खोली, चोवीस तास दिमतीला माणसं आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, मग साहेब नाही तर काय, असं तो पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हसून सांगायचा. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. हल्ली हसत नसे. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना घास तसाच ठेवून म्हणाला होता, "लोक मला रोज विचारतात, अजून थोडे दिवस चालेल का. मी म्हणतो, ओढूनताणून चालवीन हो, पण आत अडकलेल्या माणसाचं काय?" त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"बरे आहेत," ती मोठ्या मॅडमना म्हणाली.

नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, वाक्य लिहू नका, शब्द लिहा. यंत्राला तुमचं वाक्य कळत नाही. आज तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं : माझं बाळ बरं होईल का. खाली उत्तर आलं, काहीही सापडलं नाही, शब्द कमी करून पाहा. तिने एकेक अक्षर पुसलं. मग या विषयाचं ठरलेलं नाव घातलं, निरर्थक उपचार. पुढे अर्भक. पुढे पालकांची संमती. किती जणांना तिने हे शब्द कुठे घालायचे ते शिकवलं होतं! आता यादी भराभर खाली उतरत गेली आणि थांबेचना.

तिने नेहमीप्रमाणे दोन गट केले. एकात, घाई करू नका म्हणणारे लेख होते. भाकितं चुकतात, शेवटचा शब्द आईवडिलांचा, एक मूल सगळ्यांना खोटं पाडून घरी गेलं, असे. ते तिने अधाशासारखे वाचले. दुसऱ्या गटातल्या लेखांची नुसती शीर्षकं वाचली.

मग तिने पहिला गट पाठवला. दुसरा बाजूला ठेवला.

कुणाला कळणार होतं? ग्रंथालयाने दिलं नाही म्हणजे जगात कुणी लिहिलंच नाही, असं डॉक्टर धरूनच चालायचे. आईला कसं सांगावं यावरचा एक लेख होता, तो मात्र तिने जोडला. का, कोण जाणे. बसून बोलावं, उभ्याने नको. बाळाचं नाव घ्यावं. सांगून झालं की गप्प राहावं आणि ती शांतता आपण मोडू नये, असं त्यात लिहिलं होतं.

दुपारी ती वर गेली, तेव्हा छोटे डॉक्टर कधी नव्हे ते खुशीत होते.

"ताई, बरंच वाचलं मी आज. चालू ठेवायला चांगला आधार आहे. उद्या तसंच मांडतो." मग वळून म्हणाले, "सिस्टर, यांच्या बाळाची सलाइनची लाइन पुन्हा गेली ना? नवी घालू या. ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. चार महिने ती ते ऐकत होती आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बाकावर बसत होती.

"इथेच थांबते," ती म्हणाली.

सिस्टरनी बाळाचा हात उलटसुलट करून पाहिला. मग पाऊल पाहिलं. निळे-पिवळे डाग नाहीत अशी जागा शोधून सुई घातली, काढली, पुन्हा घातली. "झालं हं राजा, झालं, झालं," त्या पुटपुटत होत्या, पण झालेलं नव्हतं. बाळाचा चेहरा लाल झाला. ओठ नळीभोवती ताणले गेले. ते रडत होतं. नळीमुळे आवाज तेवढा येत नव्हता.

"डॉक्टर, जागाच नाही हो उरली."

"डोक्यावर बघा."

सिस्टरनी वस्तरा घेतला आणि कानाच्या वरची इवलीशी जावळं काढायला लागल्या. ती शेवटपर्यंत उभी राहिली. आपण बाकावर बसायचो, तेव्हा दाराच्या अलीकडे हे चालायचं तर.

खाली आल्यावर तिने बाजूला ठेवलेले लेख एकामागून एक छापले.

"एवढं कुणाला गं?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"सकाळचंच राहिलेलं," ती म्हणाली आणि गठ्ठा घेऊन जिना चढली. गाऊन घातला नाही. गळ्यात ग्रंथालयाचं ओळखपत्र होतं.

छोटे डॉक्टर दाराशीच भेटले. "लायब्ररीतून? अहो, मेल मिळाला मला. सगळं आलं."

"सगळं नव्हतं आलं. हे मी बाजूला ठेवले होते."

"बाजूला? का?"

तिने गठ्ठा पुढे केला. त्यांनी ओळखपत्राकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. गठ्ठ्याला लावलेला हात तसाच राहिला.

"ताई?"

"दोन्ही बाजू हव्यात म्हणाला होतात."

"फोनवर मी आईबद्दल जे बोललो ते…"

"खरंच होतं ते," ती म्हणाली. "रात्रीतून वाचून होईल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगच्या खोलीत मोठे डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. छोट्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या आणि नवऱ्याच्या समोर बसले. रात्रभर वाचून त्यांचे डोळे सुजलेले होते.

"बाळाचं नाव काय ठेवलंय?"

"राहिलंच ते," नवरा म्हणाला. "आम्ही साहेब म्हणतो."

छोट्या डॉक्टरांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "साहेबांना… फार त्रास होतोय आता. आजारापेक्षा आम्ही जे करतोय त्याचाच जास्त. यातून ते बरे होतील असं आम्हाला वाटत नाही." एवढं बोलून ते गप्प राहिले. कुणीच ती शांतता मोडली नाही. त्या लेखात पुढे काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मोडला तो नवरा.

"एक आठवडा द्या," तो म्हणाला. "फक्त एक. मी कामावर जात नाही, त्याच्यापाशी बसून राहतो. इतके दिवस मी काहीतरी बरळत होतो हो." तो तिच्याकडे वळला. "अगं, तू सांग ना यांना! तू तर नको नको म्हणत होतीस."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आज नको," ती म्हणाली.

त्याने श्वास सोडला. छोट्या डॉक्टरांनी मान वर केली.

"उद्या सकाळी बंद करा. नऊ वाजून गेले की त्याच्या खाटेवर ऊन येतं. पायापासून वर चढत जातं. तोंडावर आलं की तो डोळे बारीक करतो." ती थोडी थांबली. "तोवर थांबा."

छोट्या डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि मान खाली घालून ते लिहून घेतलं.