चौथीच्या वर्गातला पडदा

शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं, की अख्खी गल्ली कामाला लागायची. हॉटेलवाला धड पायांच्या खुर्च्या पाठवायचा. इलेक्ट्रिशियन स्वतःच्या घरचा पंखा काढून वर्गात टांगायचा. पेंटर छतावरचे ओलीचे डाग पांढरे करून टाकायचा. साहेबांची पाठ वळली की खुर्च्या हॉटेलात, पंखा घरी आणि पोरं पुन्हा जमिनीवर, घामाघूम. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. आपल्या शाळेची चारचौघांत शोभा होऊ नये, एवढीच भावना. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

टेलरताईलाही वाटायचं नाही. तिचं दुकान शाळेच्या फाटकासमोर. बाई कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. "वहिनीच्या कात्रीपेक्षा जिभेला धार जास्त," असं तिचा धाकटा दीर म्हणायचा. पेंटर तो हाच. तिची एकुलती एक लेक चिमी चौथीत होती आणि चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायची. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. पाढेसुद्धा पोरांना हळू आवाजात म्हणायला लावायचे. जोरात म्हटले की पोपडे पडतात, असं मोठ्या बाईंचं म्हणणं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. टेलरताई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. या खेपेला त्या स्वतः दुकानात आल्या.

"साहेब येतायत गं. चौथीच्या भिंतीला पडदा शिवून दे."

"अहो बाई, मागच्या वेळी त्या तड्यात बोट जात होतं. आता मूठ जाते."

"म्हणून तर मोठा पडदा हवा ना."

टेलरताईने कपाळावर हात मारला, पण शिवला. शिवला तो असा, की बघत राहावं. निळं जाड कापड, एकसारख्या चुण्या, खाली रुंद दुमड. दिराने दांडी ठोकून दिली. पडदा लागला आणि वर्ग कसा उजळून निघाला. टेलरताईला मेलीला अभिमानच वाटला.

साहेब आले, हॉटेलच्या खुर्चीत बसले, चहा प्यायले. वर्गावर नजर फिरवून म्हणाले, "वा! इतकी नीटनेटकी शाळा माझ्या बघण्यात नाही. पडदा तर काय सुरेख!"

मोठ्या बाईंनी हळूच विषय काढला. "साहेब, दुरुस्तीच्या पैशांचं काय झालं?"

"बाई, पैसे आहेत कुठे? दर वर्षी वरून कात्री लागते. येतात ते चार पैसे पडक्या शाळांना द्यावे लागतात. तुमची शाळा ठणठणीत आहे, असं मी दर वेळी वर सांगतो."

टेलरताई दारातच उभी होती. ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे देत नाहीत म्हणून इतकी वर्षं या साहेबलोकांच्या नावाने बोटं मोडली आणि शाळा ठणठणीत आहे असं त्यांना दाखवत कोण होतं? आपणच की! खुर्च्या देऊन, पंखे टांगून, चुण्या घालून. आणि हा बाबा तरी कसा? त्याला हात लांब करून एक पडदा बाजूला सारता आला नाही? तिने चिमीकडे पाहिलं. पोर पडद्याला टेकून शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती आणि तिच्या केसांत चुन्याची भुकटी होती.

टेलरताई तरातरा आत गेली, चिमीला हाताला धरून पुढे ढकललं आणि पडदा ओढला. दांडीसकट खाली आला. मागोमाग विटेएवढा पोपडा धपकन पडला.

"हे घ्या तुमचं ठणठणीत! बुडाखालची खुर्ची हॉटेलची. डोक्यावरचा पंखा इलेक्ट्रिशियनच्या घरचा. छताचा रंग अजून ओला आहे, बोट लावून बघा!"

साहेब ताडकन उठले आणि थेट दाराशी जाऊन उभे राहिले. पोरं भिंतीखालीच होती. त्यांना बाजूला घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मोठ्या बाईंनीच भराभर सगळ्यांना अंगणात काढलं.

"ही इमारत धोकादायक आहे," साहेब बाहेरून म्हणाले. "उद्यापासून शाळा बंद."

"बंद? अहो, दुरुस्त करा ना!"

"दुरुस्तीला पैसे नाहीत, सांगितलं ना. मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत घाला."

हायवेवर ट्रक सुसाट सुटतात, आणि पलीकडच्या शाळेत आधीच पोरं दाराबाहेर बसतात. पण ते ऐकायला साहेब थांबले कुठे? दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. कुलूप मात्र कोरं करकरीत होतं. त्याला बरे पैसे सापडले.

गल्लीने टेलरताईला फाडून खायचंच बाकी ठेवलं. हॉटेलवाल्याने बोलणं टाकलं. त्याची थोरली मुलगी आता दिवसभर कपबशा विसळत होती. दीर म्हणाला, "वहिनी, काय नडलं होतं तुमचं? निदान शाळा चालू तरी होती."

"भाऊजी, तुमच्या रंगाने भिंत उभी राहणार होती का?" ती खेकसली.

रात्री जेवताना चिमीने विचारलं, "आई, तू पडदा काढलास म्हणून शाळा गेली का गं?"

टेलरताईने हातातला घास ताटात ठेवला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो संताप. सकाळीच तिने मोठ्या बाईंचं दार वाजवलं.

"बाई, हजेरीपट घ्या आणि चला."

"कुठे?"

"जिथल्या भिंती धड आहेत तिथे."

साहेबांच्या ऑफिसातला लांबलचक व्हरांडा थंडगार होता. फरशी नवी, रंग नवा, कुंड्यांतली झाडंसुद्धा टवटवीत. टेलरताईने पिशवीतून निळा पडदा काढून फरशीवर अंथरला आणि त्यावर चौथीचा वर्ग बसवला. बाकीचे वर्ग जिन्यापर्यंत. दीर कुरकुरत का होईना, फळा खांद्यावर घेऊन आला. शिपाई धावला, साहेब धावले, दम देऊन झाला, पोलिसांचं नाव काढून झालं. पण मोठ्या बाई शिकवायच्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला मुलीला घेऊन आला आणि काही न बोलता तिला पडद्यावर बसवून गेला.

त्या दुपारी साहेब स्वतः टेलरताईजवळ आले. आवाज एकदम मऊ.

"ताई, हात जोडतो. उद्या आमचे वरचे साहेब तपासणीला येतायत. त्यांच्यासमोर हे असं बरं दिसेल का?"

टेलरताईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मग झाका की साहेब. पडदा तयार आहे. पण त्यावर आमची पोरं बसलीत. हिंमत असेल तर उठवा."

ती मोठ्या बाईंकडे वळली.

"बाई, पाढे घ्या. आणि चांगले मोठ्याने म्हणू दे. इथल्या भिंती काही पडत नाहीत."